होडीला पाजलेलं तेल

आमच्या घरात एकाच माणसाच्या हातची वस्तू सापडायची नाही. मी भाजी केली की सासूबाई येऊन वरून चिमूटभर मीठ टाकणार, मी पडदे लावले की माझा नवरा आशुतोष ते काढून पुन्हा लावणार. म्हणून मी गोव्याहून लाकडी कयाकचा संच मागवला. एका माणसाची होडी. ती मी एकटीनं बांधणार, कुणाचं बोटसुद्धा लागू देणार नाही, असं नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तो हसला. हसू दे.

पण संच म्हणजे काय ताप असतो ते खोकी फोडल्यावर कळलं. प्लायच्या लांब पट्ट्या, कडेनं भोकं, आणि भोकांतून तांब्याची तार ओवून पट्ट्या एकमेकींना शिवायच्या. डावी पट्टी उजवीकडे शिवली, उसवली, पुन्हा शिवली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सांध्यांत भरलेला एपॉक्सीचा गोंद बेळगावच्या पावसात वाळेचना, बोट लावावं तर काकवीसारखा चिकट. खाली पार्किंगमध्ये मी काम करत बसले की येणारा-जाणारा थांबून फुकटचा सल्ला देऊन जायचा. सासूबाई तर रोज दारात येऊन म्हणायच्या, "बाईमाणसानं पाण्यात जायाचं कशाला, म्हणते मी?" कॉलेजात शिकवून दमून यायचं आणि घरी हे ऐकायचं. माझ्या नाकीनऊ आले होते.

तरी दसऱ्याच्या तोंडावर पाऊस उघडला. सांधे कडक वाळले, तारा कापल्या, सगळी होडी काचपेपरनं घासून गुळगुळीत केली. आता कोरड्या लाकडावर फायबरचं कापड अंथरून एपॉक्सीचा हात दिला, की खानापुरापुढं मलप्रभा नदीत सोडायला मी मोकळी.

खंडेनवमीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत पूजा होती, तिकडे गेले. दुपारी परत आले तर पार्किंगमध्ये स्कूटर, कार, आशुतोषची ड्रिल मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं. होडीच्या टोकाला झेंडूची माळ होती आणि होडी नुसती चकाकत होती.

"जवसाचं तेल हाय," सासूबाई म्हणाल्या. हात अजून तेलकट होते. "आमच्या निपाणीला खंडेनवमीला गाडीच्या लाकडाला तेल पाजल्याबिगर पूजा न्हाय. तुझी होडी कोरडी ठणठणीत. लई तेल प्याली बघ. सकाळधरनं चोळतीया."

तेल प्यालेल्या लाकडाला एपॉक्सी धरत नाही, सालपटासारखं निघून येतं. ओरडायचं होतं, पण ओरडणार कुणावर? पावसाळाभर ज्या होडीला नावं ठेवली, तिचीच आज त्यांनी दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून पूजा केली होती. आणि आता मी काय म्हणते ते बघत होत्या. "छान झालीय," एवढंच म्हणाले.

दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला आलेले पाहुणे गेले न गेले, तोच थिनर आणि चिंध्या घेऊन बसले. हळदकुंकवाची बोटं पहिल्या पुसण्यातच गेली. तेल मात्र पुसावं तितकं वर येत होतं. काचपेपर क्षणात बुजायचा. आणि प्लाय इतका पातळ, की जास्त घासावं तर वरचा पापुद्राच जायचा. मी तेलाला, संच विकणाऱ्या गोव्याच्या माणसाला, माझ्या नशिबाला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

मान वर केली तर सासूबाई पायरीवर उभ्या होत्या.

"आई, तेलावर एपॉक्सी धरत नाही," मी घाईघाईनं म्हणाले. "होडीत पाणी शिरेल. म्हणून पुसतेय, दुसरं काही नाही."

त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. "तसं कालच सांगायचं न्हाय व्हय," म्हणाल्या. मग पदराला हात पुसत होडीजवळ आल्या.

"आन तेलानं काय बिघडलं नसतं, तर? माझा हात लागलेला चालला असता गं तुला?"

मी चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि खाली मान घालून घासत राहिले. नसता चालला.