चार तासांची कामं

गाडी तेल कुठे पितेय हे शोधण्यात मेकॅनिकचे दोन महिने गेले होते. गिऱ्हाईक दुसरं कुणी असतं तर त्याने एव्हाना हात टेकले असते. पण गाडी दाजींची होती आणि तिच्यातून आठवड्यात तीनदा हॉस्पिटलला जायची ती त्याची सख्खी ताई. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. नवीन बसवणं तिच्या प्रकृतीला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलेलं. उरलं ते डायलिसिसचं मशीन. मंगळवार, गुरुवार, शनिवार, बावीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. वाटेत इंजिन बसलं तर काय, हे घरात कुणीही तोंडाबाहेर काढत नव्हतं. म्हणजे सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं.

उपचार सुरू व्हायच्या आधी मोठ्या हौसेने त्यानेच इंजिन उतरवून पिस्टनच्या रिंगा नव्या घातल्या होत्या. पुढची डावी सीट काढून तिथे फळी आणि गादी बसवली होती, ताईला आडवं पडून जाता यावं म्हणून. तिची हाडं इतकी कमजोर झाली होती की दुसऱ्या गाडीत बसवून पाहिलं तर दहा मिनिटांत कळवळली. "मला ह्याच गाडीतून न्या रे," ती म्हणाली. "हिचे हादरे निदान माझ्या ओळखीचे आहेत."

आणि ही ओळखीची गाडी पंधरा दिवसांत लिटरभर तेल फस्त करत होती. नव्या रिंगा घालून! मेकॅनिकला कुणाला तोंड दाखवायची लाज वाटायची.

ताई मशीनवर चार तास असायची. एरवी तिला कधी अचानक न्यावं लागेल नेम नव्हता, म्हणून गाडी दारातून हलत नसे. दुरुस्ती काय ती त्या चार तासांत, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये; मेकॅनिक थेट तिथेच यायचा. पहिल्या दिवशी त्याने गाडीखाली पुठ्ठा पसरला. पुठ्ठा कोरडा ठणठणीत राहिला. तेल गळत नव्हतं, म्हणजे जळत होतं. प्लग काढले तर काळे, ओलसर. एका मंगळवारी त्याने इंजिनाचा श्वास बाहेर सोडणारी नळी बदलली. एका शनिवारी व्हॉल्व्हचे सील बदलले. ते काम तीन तास पन्नास मिनिटांत उरकलं आणि हात न धुताच तो ताईला आणायला धावला.

"बोर्ड कधी लावताय गॅरेजचा?" वॉचमनने विचारलं.

"तुम्ही उद्घाटनाला हो म्हणा, लगेच लावतो," तो म्हणाला. पण तेल काही थांबेना.

मग एका गुरुवारी तो स्वतःच गाडीत मागे बसला, ताईच्या डोक्याशी. दाजी गाडी चालवत होते की तान्ह्या बाळाला झोपवत होते, कळायला मार्ग नव्हता. काटा तिसाच्या पुढे सरकत नव्हता. चढ आला तरी पाय ॲक्सिलरेटरवर नुसता टेकवलेला. मागून हॉर्नचा गोंधळ चालला होता, पण दाजी ढिम्म.

"दाजी, रोज असंच चालवता?"

"रोज. एकदाही चाळीसच्या वर नेली नाही. तूच म्हणाला होतास ना, नव्या रिंगा आहेत, पहिले हजार किलोमीटर हळू चालवा."

हे वाक्य मेकॅनिक सगळ्यांनाच सांगायचा, कारण सगळे गाडी पळवतात. शंभरने पळवणाऱ्याला हळू म्हटलं की तो सत्तरवर येतो, असा त्याचा हिशेब. नव्या रिंगांना थोडा जोर लागतो. इंजिनावर ताण आला तरच त्या सिलिंडरच्या भिंतीला घासून नीट बसतात आणि तेल वर जळायला जाऊ देत नाहीत. दाजींनी त्यांना बसूच दिलं नव्हतं. हजार किलोमीटर मायेने गोंजारून भिंती आरशासारख्या गुळगुळीत केल्या होत्या. आणि गादीवरचं माणूस बघता दाजींनी वेगळं करायचं तरी काय होतं?

"बारक्या, गप्प का झालास?" ताईने विचारलं.

"काही नाही गं. झोप तू."

ती मशीनवर गेल्यावर त्याने गाडी हायवेला काढली. चढावर दाबून पळवली, सोडली, पुन्हा पळवली. इंजिन ओरडत होतं आणि तो मनात म्हणत होता, बस बाई, आता तरी बस. तीन खेपा त्याने असंच केलं. पुढच्या शनिवारी पार्किंगमध्ये डिपस्टिक काढली, तर तेल पुन्हा खालच्या खुणेच्याही खाली. बघून त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

"आता एकच इलाज आहे," त्याने दाजींना सांगितलं. "इंजिन पुन्हा उतरवायचं, सिलिंडर खरवडून घ्यायचे, पुन्हा रिंगा. माझी चूक आहे, मीच निस्तरतो."

"चार तासांत होईल?"

"चार दिवस लागतील."

"मग गाडी कधी आणून सोडू?"

"घाई नाही हो," तो म्हणाला. गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगत आलेलं वाक्य आपसूक तोंडात आलं. "सलग चार दिवस गाडी लागणार नसेल, तेव्हा आणून सोडा."

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सलग चार दिवस गाडी लागणार नाही अशी वेळ कधी येणार, ते दोघांनाही कळत होतं.

दाजींनी डिपस्टिक त्याच्या हातातून घेतली, फडक्याने पुसली आणि जागेवर बसवली.

"मग नकोच ती दुरुस्ती," ते म्हणाले. "तू आपलं तेलच आणत जा."