दार धर, जमादार

"आम्ही पोरींना देतो रूम. ट्यूशनच्या." गॅलरीतला माणूस दात घासता घासता म्हणाला. त्याची नजर रेणुकाच्या हातातल्या साखळीवरून घरंगळत खाली आली आणि जमादारवर थांबली. "आन् हे काय?"

"कुत्रं हाय. काही करत न्हाई."

"काही करत न्हाई, मग पाळलं कशाला?"

आपल्याच बोलण्यावर तो हसला, चूळ भरली आणि आत गेला. गॅलरीचं दार लागलं. जमादारनं त्या लागलेल्या दाराकडं एकदा पाहिलं, मग रेणुकाकडं. दार दिसलं की त्याचे कान आपोआप ताठ होत.

लातुरात रेणुकानं पाहिलेल्या घरांची एकच गत होती. गल्लीगल्लीत खोल्या होत्या, पण त्या शिकायला आलेल्या पोरापोरींसाठी. आईबाप गावाकडं, पोरगी पुस्तकात, घरमालक निवांत. एकट्या बाईचं तसं नसतं. ती नवऱ्याबरोबर का राहत नाही, ड्यूटीवरून कधी येते, कोण सोडायला येतं, सगळं विचारावं लागतं. त्यात हे कुत्रं. एका बाईनं तर सरळ पाण्याचं काढलं होतं. नळाचा भरवसा नाही, टँकर मागवायचा, आणि त्या पाण्यानं कुत्र्याची घाण धुवायची काय? तिचंही चूक नव्हतं. एके ठिकाणी कुत्रं चाललं असतं, पण खोलीचं दार पत्र्याचं, कडी अशी की बाहेरून काडी घालून उघडावी. जिथं दार धड होतं तिथं कुत्रं चालत नव्हतं, आणि जिथं कुत्रं चालत होतं तिथं दारच नव्हतं.

आणि रेणुकाला दोन्ही हवं होतं. हौस म्हणून नव्हे.

आपल्या गावी, लोह्याला, ती आईजवळ राहायची. आई, सरजाबाई, हिनंच हे पिल्लू उचलून आणलेलं. काळंभोर, डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके. दारात असं ऐटीत बसायचं की म्हातारीनं त्याला जमादार करून टाकलं. भाकऱ्या थापता थापता ती त्याच्यावर ओव्या रचायची, थापेच्या ठेक्यावर:

माझ्या गं दारामंदी काळा जमादार बसं,
आल्यागेल्या मानसाला चार डोळ्यांनी गं पुसं.

बाहेर जाताना ती म्हणायची, "दार धर, जमादार." की तो उंबऱ्यावर बसला. मग वाऱ्यानं पान हललं तरी हलायचा नाही. परत आली की म्हणायची, "आले मी, सोड दार." तेव्हाच उठायचा, अंग झाडायचा, आणि ताटलीपाशी जायचा. या दोन वाक्यांत त्याची सगळी नोकरी होती.

रेणुकाचा नवरा आनंदराज पिऊन यायचा. तिनं घर सोडल्यावर तो सासूच्या दारी यायला लागला. एकदा विळा घेऊन आला. तेव्हा गल्लीतली दारं पटापट लागली होती. एकच दार उघडं राहिलं, आणि त्यात जमादार बसला होता. भुंकला नाही. नुसता उठून उभा राहिला, विळा पायावर बसला तरी हटला नाही. आनंदराज शिव्या देत देत माघारी गेला. जमादारच्या पुढच्या पायावरची विळ्याची खूण अजून होती. तिथं केस उगवत नव्हते.

आई गेली. रेणुकानं लातूरच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी धरली. अहमदपूरमार्गे भाजीच्या गाडीतून जमादारला घेऊन आली. दवाखान्यामागं जनरेटरजवळ त्याला बांधलं, आणि ती स्वतः कपडे बदलायच्या खोलीत अंग टाकू लागली. मॅनेजर भला माणूस, पण पेशंटच्या नातेवाइकांनी तक्रार केली. त्यानं आज सांगितलं होतं, कुत्रं उद्या इथं दिसायला नको.

बिलाच्या काउंटरवर बसणाऱ्या विनीताला तिच्या जिवाची तगमग कळली. गोलाईच्या बाजारामागं नागम्मा म्हणून बाई आहेत, खालची खोली रिकामी आहे, मी बोलते, म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "ताई, आडनाव विचारलं तर सांगा. न्हाई विचारलं तर आपण होऊन कशाला?"

रेणुकाचं आडनाव सोनकांबळे. लपवायचं तिच्या मनात कधी नव्हतं. पण उन्हात हिंडून हिंडून माणूस इतका शिणतो की न सांगणंही एक सावलीच वाटते.

नागम्मानं फाटक उघडलं आणि तिची नजर जमादारवर गेली ती तिथंच राहिली. "अय्यो," ती म्हणाली, "चार डोळ्यांचा हाय की." ती चटकन आत गेली, देवापुढची हळद घेऊन आली, आणि जमादारच्या कपाळावर बोट ओढलं. आमच्या कुळदेवाचं, मैलारलिंगाचं कुत्रं आपल्या पायानं दारी आलं, म्हणाली. दूध-भाकर आली. नागम्मानं त्याचं नावही ठेवून टाकलं, वाघ्या. तिचे मालक गुंडप्पा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी पेपरातून डोकं वर काढून मान डोलावली. कुणी आडनाव विचारलं नाही. सिस्टरबाई, सिस्टरबाई एवढंच चाललं होतं.

रेणुकानं खोली पाहिली नाही, दार पाहिलं. सागवानी, जाड. आतून आडवा घालायचा लाकडी आडणा. तिनं तो घालून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा घातला. बंद दाराआड, अंधारात, ती जरा वेळ नुसती उभी राहिली. कित्येक महिन्यांत तिला असा श्वास आला नव्हता. भाडंही तिच्या पगारात बसणारं होतं; डिपॉझिट तिनं तिथंच मोजून दिलं. नागम्मा बाहेरून म्हणत होती, वाघ्याला उन्हात कशाला फिरवता, ठेवा इथं, तुम्ही सामान घेऊन या.

दुसऱ्या दिवशी ती लोह्याला गेली आणि एका छोट्या टेम्पोत संसार भरला. शेजारणीनं सांगितलं, आनंदराज येऊन विचारून गेलाय, कुठं गेली म्हणून. कुणीतरी लातूर सांगितलंय. रेणुकानं वळून रस्त्याकडं पाहिलं. पण लगेच तो आडणा आठवला.

विनीता म्हणाली होती, फोटो सध्या ट्रंकेतच असू द्या, आठ-पंधरा दिवसांनी लावा. रेणुकानं मान हलवली होती. पण सरजाबाईनं उभा जन्म भाड्याच्या घरांत काढलेला. नव्या घरात आधी बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आत न्यायचा, मग पाण्याची घागर, मग चूल. फोटोवरचं फडकं फाटकापाशीच काढायचं. त्यांनी झाकल्या तोंडानं घरात येऊ नये, म्हणायची. ते आत गेले की घर आपलं. टेम्पो थांबला तेव्हा रेणुकाच्या ध्यानात विनीता नव्हती. हातांना जे ठाऊक होतं ते हातांनी केलं. फोटोभोवती गुंडाळलेलं आईचं पातळ सोडलं, फोटो छातीशी धरला आणि ती फाटकातून आत आली. ऊन काचेवर पडून ओसरीभर चमकलं.

गुंडप्पांनी पेपर खाली घेतला. फोटोकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. खुर्चीवरून उठून आत गेले.

मग आतून नागम्मा आली. डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा ओढत होती. तिच्यानं रेणुकाकडं बघवत नव्हतं. पुतण्या उदगीरहून येणार आहे, कॉलेजला, आधीच ठरलं होतं, माझ्या ध्यानातनंच गेलं. ती एवढंच फिरवून फिरवून सांगत राहिली. दिलेलं डिपॉझिट तिनं पदरातून काढून टेम्पोवाल्यानं उतरवलेल्या घागरीच्या बुडाशी ठेवलं, हातात दिलं नाही.

रेणुका उभीच होती. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"वाघ्याला राहू द्या की," नागम्मा हळूच म्हणाली. "त्याला मी लेकरावानी ठिवते. मुकं जनावर हाय, त्याला कोन काय म्हननार."

"हाव," रेणुका म्हणाली. "त्याला कोन काय म्हननार."

कोपऱ्यात, लिंबाच्या सावलीत जमादार शेपटी हलवत होता. कपाळावर हळद. पुढ्यात दुधाची वाटी. रेणुकानं पाहिलं आणि तिला वाटलं, दोघांपैकी एकाला तरी घर लागलं. तिला नोकरदार बायकांच्या होस्टेलात एक कॉट मिळणार होती. तिथं कुत्रं चालत नव्हतं. दवाखान्यात परत नेता येत नव्हतं, आणि रस्त्यावर सोडता येत नव्हतं. तिनं फोटोवर पातळ पुन्हा गुंडाळलं. जमादारची साखळी सोडून त्याला खोलीच्या उंबऱ्यापाशी नेलं. डोक्यावरून हात फिरवताना बोटांना हळद लागली.

"दार धर, जमादार," ती म्हणाली, आणि वळून पाहिलं नाही.

होस्टेलच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. रेणुका ड्यूटीवर जाताना-येताना मागं बघत चालायची. कुणाच्याही चालण्यात तिला आनंदराज दिसायचा. विनीता काही सांगायची नाही, आणि रेणुका विचारायची नाही. शेवटी एका सकाळी विनीतानंच काउंटरवरून खूण करून बोलावलं. पुतण्या काही आला नाही, म्हणाली. पण खोली बघायला जो येतो त्याला जमादार पायरी चढू देत नाही. चावत नाही, भुंकत नाही. नुसता उठून उभा राहतो. गुंडप्पांनाही त्यांच्याच खोलीत जाता आलेलं नाही. नागम्मा दुधाची वाटी घेऊन पायरीखाली बसते, वाघ्या, वाघ्या करते. तो तोंड लावत नाही. "ताई, तो मरंल हो," विनीता म्हणाली.

ड्यूटी संपल्यावर रेणुका गोलाईच्या मागं गेली. फाटकाच्या बाहेरच थांबली. जमादार उंबऱ्यावर बसला होता. बरगड्या दिसत होत्या. कपाळावरची हळद वाळून गेली होती. तिला पाहून त्याची शेपटी फरशीवर आपटली, पण तो जागचा हलला नाही. अजून हुकूम व्हायचा होता.

नागम्मा धावत आली. डोळे सुजलेले. "सिस्टरबाई, आत या. सांगा त्याला कायतरी."

रेणुका आत गेली नाही. काय सांगायचं ते तिला ठाऊक होतं, आणि तेच ओठांवर येईना. आई ते म्हणायची ती घरात पाऊल टाकताना. तिनं फाटकाच्या गजाला धरलं. रस्त्यावरच्या उन्हात उभी राहून, जे घर तिचं नव्हतं त्याच्या दाराकडं पाहत म्हणाली,

"आले मी, सोड दार."

जमादार उठला. पाय लटपटले. अंग झाडलं. दुधाच्या वाटीवरून, नागम्माच्या पसरलेल्या हातावरून तो सरळ फाटकाबाहेर आला. ओसरीत गुंडप्पा उभे होते. नागम्मा तोंडाला पदर लावून दुधाच्या वाटीकडं बघत राहिली.

कुठं जायचं ते रेणुकाला माहीत नव्हतं. ती रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिली. जमादारनं तिचा हात हुंगला, तिच्याभोवती एक फेरी मारली. मग तिच्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून, तिच्या पायाशी बसला. कान ताठ. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाकडं निरखून बघत. तिनं काही सांगितलं नव्हतं.