आक्काची चूक नव्हती

मी एक जुना ओळंबा आहे. दोरीच्या टोकाला बांधलेला पितळेचा गोळा. भिंत सरळ उभी आहे की कललेली, हे गवंड्याने मला विचारायचं आणि मी सांगायचं, एवढंच माझं काम.

मित्रांनो, कारखान्यात मला कातून गुळगुळीत केलं तेव्हा मी नुसता पितळेचा तुकडा होतो. गवंड्याने माझ्यात दोरी ओवली, मला अधांतरी सोडलं आणि मी ओळंबा झालो. दर तीन थरांनी तो मला भिंतीच्या कडेवरून खाली सोडायचा आणि म्हणायचा, "बोल बाबा." लोकांना सांगायचा, "बायको एकवेळ खोटं बोलेल, हा नाही." बायको तिथेच असली तर त्याला दोन दिवस जेवण गार मिळायचं.

मी फुगलो होतो. वाकड्या भिंतींना हसायचो. वाटायचं, जगात सच्चा असा मी एकटाच.

मग दवाखान्यामागची ती भिंत आली. छातीएवढी चढली होती. गवंड्याने मला सोडलं आणि मी खाली भिंतीपासून दोन बोटं सुटून लटकलो. म्हणजे भिंत वरून बाहेर झुकली होती. त्याने पाहिलं. नीट पाहिलं.

"सहा थर उतरवावे लागतील," तो म्हणाला.

काम त्याच्या मेव्हण्याने घेतलं होतं. तो ओरडला, "दाजी, उद्या साहेब बघायला येणार, आणि तुम्ही भिंत उतरवता? दोन बोटं प्लास्टरखाली कुठल्या कुठे जातील!"

"पडली तर?"

"तुमच्या हातची भिंत कधी पडलीय?"

एवढं कौतुक पुरलं. गवंड्याने मला दोरीत गुंडाळून खिशात टाकलं. वर आणखी पाच थर चढले आणि मला कुणी विचारलं नाही. त्याच्या हाताखाली विटा-माल वाहणारी आक्का घमेलं घेऊन आली, म्हणाली, "आज तुझा बाबा मुका का रे?"

"त्याला सुट्टी दिलीय," गवंडी हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का त्या भिंतीच्या सावलीत डबा उघडून बसली. जरा पाठ टेकली. भिंत आली अंगावर. आक्काचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

मेव्हण्याने सगळ्यांना सांगितलं, ओल्या भिंतीला टेकली, पडणारच.

चार दिवसांनी गवंडी तिला भेटायला गेला. मी त्याच्या खिशात होतो आणि त्याची मूठ माझ्याभोवती आवळलेली होती. खाटेवरून आक्काच म्हणाली, "माझंच चुकलं रे. उभा जन्म विटा वाहिल्या, आणि ओल्या भिंतीला टेकू नये एवढी अक्कल नाही मला."

एक वाक्य पुरलं असतं. "आक्का, भिंत वाकडी होती, मला माहीत होतं." बस. पण तो म्हणाला, "होतं असं कधी कधी."

"तू मनाला लावून घेऊ नकोस," तिने उलट त्यालाच समजावलं.

त्या दिवशी माझा माज उतरला. सरळ लटकणं हा माझा गुण नाही, माझा नाइलाज आहे. मला वाकडं लटकता येतच नाही, मग त्यात शहाणपण कसलं? दोरी काढा, मी पुन्हा पितळेचा तुकडा. माणसाचं तसं नाही. त्याला खोटं बोलता येतं, गप्प बसता येतं, म्हणून त्याच्या खऱ्याला मोल. गवंड्याला जीभ होती. मला असती तर, ही हळहळ माझ्या पितळेत कायमची बसली आहे.

त्यानंतर त्याने मला कधी कुठल्या भिंतीवरून खाली सोडलं नाही. वाऱ्याने आपटू नये म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला मला अटकाव म्हणून ठेवलं. येता-जाता त्याची नजर माझ्यावर पडते आणि तो मान वळवतो.

आक्का मागच्या वर्षी गेली. गवंड्याची बायको शेवटच्या दिवसांत तिच्याकडे जाऊन आली. घरी येऊन सांगत होती, आक्का अजून सुनांना बजावते, "ओल्या भिंतीला टेकू नका गं, मी चुकले ते तुम्ही चुकू नका." गवंडी ताटावरून उठला, पण तिच्या दारात गेला नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून लखलखीत ठेवा असं मी म्हणणार नाही. डाग पडले तरी मी सरळच लटकेन. सांभाळायचं ते तुमच्याजवळ आहे. तुमची चूक कुणी आपली समजून वाहत असेल, तर आजच त्याच्या दारात जा आणि तोंड उघडा. लाज वाटेल, वाटू द्या. माफी मिळेल न मिळेल. पण ते माणूस जिवंत आहे तोवर जा.