रिकामी मोटार

माझे वडील, इंद्रभान चितारी, लग्नघरांच्या भिंती रंगवत. आमच्या भागात लग्न ठरलं की दाराच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या चुन्यावर वरात काढून घेतात: हत्ती, घोडे, पालखी, बैलांची रेंगी, अलीकडे आगगाडीसुद्धा. वाहन कोणतंही असो, वडिलांचा नियम एकच. आधी बसणारा काढायचा, मग त्याच्याभोवती वाहन. लहानपणी त्यांनी मला अजिंठ्याच्या लेण्यांतलं जहाज दाखवलं होतं. त्यात एकटा माणूस बसलेला आहे. "यानंही माणूस आधी काढला असंन," ते म्हणाले होते. "भितीवरची गाडी रिकामी ठेवू नये, पोरी. ती वाट पाहाते."

मोताळ्याला पंजाबरावांच्या मुलीच्या लग्नाच्या भिंतीवर त्यांनी हा नियम मोडला, आणि काम अर्धं टाकून पंजाबरावांच्याच ओट्यावर वारले. छातीत कळ आली आणि संपलं. मी बुलढाण्याहून पोचेपर्यंत लोकांनी त्यांना झाकून ठेवलं होतं.

तेरावा झाल्यावर मी परत शाळेत शिकवायला जाऊ लागले, तोच पंजाबरावांचा निरोप घेऊन वाहेद आला. अब्दुल गनीची भाड्याची मोटार तो चालवायचा. वरात त्याच मोटारीतून येणार होती, म्हणून पंजाबरावांना भिंतीवरही मोटारच हवी होती.

"बाई, तुमाले बलावलं. भीत पुरी करा म्हणतेत," तो म्हणाला. "पोरगी खाऊन नाही राह्यली."

"माझ्या वडिलांनी मोटार आधी का काढली?"

"मी बी हेच इचारलं. बाबा म्हणे, रेंगीत माणूस वरून दिसते, मोटारीत अंदरून. आधी वरचा टप कोठं येते ते पाहू दे, मंग बसवतो." तो थोडा थांबला. "माह्याच गाडीवरून काढली, बाई. नंबर बी तोच टाकला. तवापासून मी त्या घरासमोर गाडी उभी नाही करत."

पंजाबरावांचं घर बाजाराच्या अलीकडे होतं. मी भिंतीसमोर उभी राहिले. मला माहीत होतं ते सगळं तिथे होतं: त्यांची निळी, त्यांची काजळी, झुपक्यांची किनार. मधोमध काळी मोटार, तोंड दाराकडे. दिवे लावलेले. चाक धरायला कोणी नाही. मागची लाल गादी मध्यभागी दबलेली. बसणाऱ्याच्या वजनाने दबायला हवी तेवढी त्यांनी ती आधीच दबवून ठेवली होती.

मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. मेलेल्यांना पलीकडे नेणारी नाव कितीतरी देशांच्या चित्रकारांनी काढली आहे हे मला ठाऊक होतं. ती चित्रं पाहताना मी कधी भ्याले नव्हते. या भिंतीसमोर मी मोटारीच्या तोंडापुढून बाजूला सरले.

आत वच्छला पडून होती. पंजाबरावांची मुलगी, जिचं लग्न होतं ती. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी ताप उतरवला होता, पण ती उठत नव्हती. तिची आजी, गोजरबाई, पेजेची वाटी घेऊन बसली होती.

"ही इंद्रभानची पोरगी, सोजरा," आजी तिला म्हणाली. "आता होते सारं ठीक."

वच्छलाने माझ्याकडे पाहिलं. ओठ पापुद्र्यांनी भरले होते. "तुह्या बाबाले नेलं," ती म्हणाली. "मंग गाडी गेली काऊन नाही? उभीच आहे. कोणासाठी उभी आहे?"

शाळेतल्या मुलीला मी रागावले असते. इथे मला फक्त तिच्या मनगटाची हाडं दिसत होती. ही मुलगी भीतीने मरेल, आणि सगळे म्हणतील की मोटारीने नेली.

बाहेर येऊन मी पंजाबरावांना म्हटलं, "पुसून टाका ना. चुना मारा."

ते खाली पाहत म्हणाले, "बाई, लग्नाची भीत घरात मयत झाली तरच पुसतेत. तिनं आतून चुन्याचा वास घेतला त जागीच जाईन."

"मग नवरदेवाला बसवते. रीतच आहे."

"त्याहीचा सांगावा आला. आमच्या पोराले त्या गाडीत काढू नोका म्हणे."

"वाहेद, मग तू चाक धर."

वाहेद दोन पावलं मागे सरला. "तोबा! माह्या घरी बायको आहे सरवरी, लेकरं आहेत. अन् आमच्यात तसबीर काढणं चालत बी नाही."

"हाव का रे?" दारातून गोजरबाई म्हणाली. "मंग मलकापूरच्या जत्रंत सरवरीसंगं फोटू कोणं काढला होता?"

वाहेद हसला, पण पुढे आला नाही.

"मी सुतकातून उठलेय आजी," मी म्हटलं, खरं तर सुटायला. "लग्नाच्या भिंतीला माझा हात कसा चालेल?"

"तो मेला आमच्या ओट्यावर. सुतक का तुलेच होतं? काढ. मले बसव मागं. उभ्या जन्मात मोटारीत बसली नाही, भितीवर त बसीन."

आतून आवाज आला, फाटका, पण स्पष्ट. "आजी, तू बसली त मी हिरीत उडी टाकीन!"

गोजरबाईने पदर तोंडाला लावला.

वडिलांची शिडी तशीच टेकलेली होती. मी रंग कालवले. लहानपणी किनारी भरायला त्यांनी मला शिकवलं होतं, चेहरे कधी काढू दिले नव्हते. वर चढले तेव्हा चुन्यात त्यांच्या कुंचल्याचा एक केस चिकटलेला दिसला. मी तो काढला नाही.

मागच्या गादीवर मी बाई काढली. पांढरं लुगडं, हातात पुस्तक, नाकावर माझाच चष्मा, म्हणजे कोणाला शंका राहायला नको. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी चष्म्याची काडी कानामागे नेताना माझ्या स्वतःच्या कानामागे कोणी बोट लावावं तसं झालं.

"सोजरे," गोजरबाई खालून हळूच म्हणाली, "हे का केलं वं?"

"कोणीतरी बसायलाच हवं होतं ना."

"अन् हाकणारा?"

मी चाकामागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"ज्यानं आणली त्यानंच हाकावी," ती म्हणाली.

मग मी वडिलांना काढलं. फेटा, कानातली बाळी, नाकावरचा उंचवटा. हात चाकावर. माझं नाक त्यांच्यासारखंच, तरी ते गेल्यापासून आरशात पाहूनही मला त्यांचा चेहरा आठवत नव्हता. आता तो आपोआप उतरत होता, आणि तेच मला सोसवेना.

पाठीमागे पावलं वाजली. पंजाबरावांच्या खांद्यावर भार टाकून वच्छला दारात आली होती. तिने मोटारीकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू बसली?"

"हो. जागा भरली. आता आणखी कोणी मावत नाही."

ती एक पाऊल पुढे आली आणि थबकली. "याले डोळा नाही."

डोळा शेवटी उघडतात, सगळं जागेवर बसलं की. चेहरा बाजूने काढलेला असल्याने एकच डोळा, आणि त्यात एकच थेंब काळा. तो थेंब समोर ठेवला तर वडील दाराकडे पाहणार होते. दारात वच्छला उभी होती.

मी बुबुळ डोळ्याच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलं.

वडील मागे वळून पाहू लागले. मागच्या गादीवर चष्मेवाली बाई होती.

वच्छलाने त्या डोळ्याकडून मागच्या गादीकडे नजर नेली. मग ओट्यावरच मटकन बसली आणि म्हणाली, "आजी, भाकर आहे का?" गोजरबाई धावत आत गेली, तिच्या हातून भांडं पडल्याचा आवाज आला. पंजाबराव रडत होते. वाहेद गल्लीच्या तोंडाशी ठेवलेली मोटार आणायला गेला.

मी शिडीवरून उतरले, हात धुतले, कुंचले पुसले. सगळं भिंतीकडे पाठ करून. तरी मानेवर मला कळत होतं, तो डोळा कुठे पाहतो आहे.