चांदण्या रात्रींच्या गोळ्या

"खरं सांग अवीनो, गोळ्या चुकतायत ना?" सिस्टर केरुबोने रिपोर्ट बाजूला ठेवला. "रक्तातला विषाणू पुन्हा वाढलाय."

अवीनो बोटांना चिकटलेले खवले नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "नवरा घरी असला की चुकतात."

तिचा नवरा, ओगोला, सरोवरावर ओमेना पकडायला जाई. ही बोटभर मासळी काळोखातच दिव्याला भुलते. चांदणं पडलं की होड्या वाळूवर आणि माणसं घरी. तो घरी असेपर्यंत पिठाच्या डब्यात पुरलेल्या बाटलीला हात लावायची अवीनोची छाती होत नसे. तिचा पहिला नवरा एचआयव्हीने गेला होता. ओगोलाला तिने न्यूमोनिया सांगितलं होतं.

"आता सुई निघालीय," सिस्टर म्हणाली. "दोन महिन्यांतून एकदा. गोळी नको, बाटली नको, कुणाला पत्ता नको."

"मग आजच द्या."

"आज नाही. आधी विषाणू दबला पाहिजे. तोवर रोज गोळी. चांदणं असो नाहीतर नसो."

घरी आल्यावर एकदोन दिवस तिने गोठ्यामागे जाऊन गोळी गिळली. मग एका दुपारी ओगोला दारात जाळं सांधत बसला असताना ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"मला एचआयव्ही आहे. रोज औषध घ्यावं लागतं. तुझ्या घरात आले, त्याच्याही आधीपासून."

त्याचे हात थांबले. मार खायची तिने मनाची तयारी केली होती. त्याने बोटही लावलं नाही.

"इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपलीस," तो हळूच म्हणाला, "आणि मला मासळीचे भाव सांगत राहिलीस."

अर्धवट सांधलेलं जाळं तिथेच टाकून तो उठून गेला.

आठवडाभराने त्याचे कपडे न्यायला त्याची आई, पेरेस, आली. अवीनोशी चकार शब्द न बोलता ती गाठोडं बांधू लागली. एवढ्यात मोबाइल वाजला.

"कसला गजर?"

"औषधाचा, आई."

म्हातारीचे हात गाठीवरच थबकले. "माझी धाकटी याच दुखण्यानं गेली. तेव्हा आपल्या गावात या गोळ्या आल्या नव्हत्या." तिने पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं. "दुपारी जेवलीस?"

"नाही."

"मग आधी दोन घास खा." तिने मक्याच्या पिठाची थंड उगाली आणि पालेभाजी ताटलीत वाढली, आणि अवीनोने गोळी गिळेपर्यंत हलली नाही. मग गाठोडं डोक्यावर घेत म्हणाली, "तो चिडलाय. मीसुद्धा चिडलेय. त्याला तपासायला मी नेईन. तू मात्र हे सोडू नकोस."

ओगोलाला लागण झाली नव्हती. तसा निरोप म्हातारीनेच धाडला. तो ऐकून अवीनो सुकत्या जाळ्यांच्या आडोशाला जाऊन पोटभर रडली. ओगोला पलीकडच्या बेटावरच्या होडीवर कामाला लागला. तो परतला नाही.

पुढच्या तपासणीला सिस्टर हसली. "दबला बाई विषाणू. आता सुई सुरू करू."

"गोळीच असू द्या."

"का गं? सुईसाठी तर जीव टाकत होतीस."

"घरात लपवण्यासारखं कुणी राहिलं नाही, सिस्टर."

"मन बदललं तर केव्हाही सांग," म्हणत सिस्टरने गोळ्यांची नवी बाटली पुढे केली.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर बायका वाळत घातलेली ओमेना गोळा करत होत्या. आभाळ भरून आलं होतं आणि सगळ्यांची घाई चालली होती. शेजारच्या जेनिफाने मान वर न करता विचारलं, "तुझी औषधाची वेळ झाली ना?"

"झाली."

अवीनोने कमरेच्या कापडाला हात पुसले, गोळ्यांची बाटली काढली आणि सगळ्यांसमोर पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली. तोवर जेनिफा सरकून अवीनोच्या वाट्याची मासळीही पाटीत भरू लागली होती.