ललिताच्या नावाची मशीन

टांगा दारात थांबला तेव्हा पार्बताबाईच्या हाताला पीठ होतं. टांग्यातून आधी केशवराव उतरले, मग त्यांची छत्री, मग एक शिलाई मशीन. केशवराव म्हणजे अपंग साहाय्य समितीचे कारकून. दोन वर्षांत या गल्लीत एकदाही फिरकले नव्हते. समितीच्या कचेरीत मात्र पार्बताबाईनं त्यांचं दर्शन इतक्या वेळा घेतलं होतं, की तेवढ्या वेळा देवळात गेली असती तर देव स्वतः उठून घरी आला असता.

"घ्या," केशवराव म्हणाले. "ललिताची मशीन."

ललिता ही पार्बताबाईच्या दिराची पोर. दीर-जाऊ दोघंही गेलेली. पोरीला सहाव्या वर्षी ताप आला, आठ दिवसांनी उतरला आणि उतरताना दोन्ही पाय घेऊन गेला. आता ती एकोणीसची होती. हातांवर सरकत घरभर फिरायची, काकूनं आणलेल्या जुन्या पुस्तकांवर लिहावाचायला शिकली होती, आणि सुईनं अशी काजं करायची की जठारपेठेतल्या बायका कापड उलटं करून पाहायच्या. पण काजाबटनावर पोट भरत नाही. मशीन मिळाली तर पोट्टी आपल्या मागं कोणाच्या तोंडाकडं पाहणार नाही, हा एकच घोर पार्बताबाईच्या जिवाला होता. अर्जात तिनं स्पष्ट लिहवून घेतलं होतं, हातानं चालणारी मशीन पाहिजे. दोन वर्षं उत्तर एकच. नंबर लागला नाही.

आणि आज मशीन दारात! एक क्षण तिला वाटलं, केशवरावांच्या पाया पडावं. मग नजर खाली गेली. लोखंडी स्टँड, चामडी पट्टा, आणि तळाशी चांगलं रुंद, जाळीदार पायडल.

"हे काय?"

"मशीन."

"ते दिसून राह्यलं मले. पायाची आनली?"

"मग? चांगल्या मशिनी पायाच्याच असतात. समितीनं बाराच्या बारा पायाच्याच मागवल्या."

"लंगड्या मानसायसाठी?"

केशवरावांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "हे पाहा, वाद घालू नका. अकरा वाजता अमरावतीचे साहेब तपासणीला येतात. ललितानं मशीनपाशी बसायचं. साहेब विचारतील, मिळाली का? ती म्हणेल, मिळाली. संपलं. उद्या सकाळी टांगा येऊन घेऊन जाईल."

"घेऊन जाईन? कोठी?"

"जिथली आहे तिथं," असं म्हणून केशवराव टांग्यात चढले. त्यांना अजून बऱ्याच दारी अशाच मशिनी टेकवायच्या होत्या.

तव्यावरची भाकरी करपली, तरी पार्बताबाई मशीनपाशीच उभी. ललिता सरकत आली आणि तिनं मशीनचा खण ओढला. आत रिळं, दोन बॉबिनी, आणि अर्धवट शिवलेलं गुलाबी झबलं.

ललितानं ते हातात घेतलं आणि तिचं तोंड उतरलं. "काकू, हे कापड वळखीचं हाय. मागच्या महिन्यात कुंदाताईनं चार झबली धाडली होती न काजं कराले? त्यातलंच हे पाचवं."

कुंदाताई म्हणजे बापूसाहेब वकिलांची सून. बापूसाहेब म्हणजे समितीचे अध्यक्ष. आणि पार्बताबाईचा नवरा डोमाजी चौदा वर्षं बापूसाहेबांचीच बैलबंडी हाकत होता.

"म्हनजे," ललिता सावकाश म्हणाली, "माझ्याच मशीनवर शिवलेल्या झबल्यायले मी काजं करून देल्ली."

पार्बताबाईच्या टाळक्यात तेव्हा उजेड पडला. पायडलाचं कोडं नव्हतंच. मशिनी मागवणाऱ्याच्या मनात लंगडं माणूस एकदाही येऊन गेलं नव्हतं. ज्या घरी त्या जायच्या होत्या, त्या घरच्या बायकांचे पाय धडधाकट होते. चोरानं चोरी करावी, पण निदान लाज म्हणून तरी दोन हातमशिनी मागवाव्या!

"साह्यबाले सांगून टाकू का?" ललितानं विचारलं.

"सांगशीन तर साहेब लिहून घेईन. मंग चौकशी. चौकशीत मशीन कचेरीत पडंन, तिले गंज चढंन, तुये केस पिकतीन. तू 'मिळाली' म्हन."

"खोटं?"

"खोटं त्यायचं हाय पोरी. आपन ते खरं करून घेऊ."

साहेब आले ते घामेजलेले, घाईत. सोबत केशवराव, हातात वही. ललिता मशीनमागं बसली होती. साहेबांनी मशीनवरच्या पट्टीचा नंबर वहीतल्या नंबराशी ताडून पाहिला.

"मशीन मिळाली?"

"हो जी."

"हीच का?"

"हीच."

साहेबांची नजर पायडलावर गेली. "मग चालवता कशी?"

केशवराव पुढं सरसावले. "काकू पायडल मारते साहेब, आणि ही कापड सरकवते."

"वा, वा. याला म्हणतात सहकार्य," साहेब म्हणाले. त्या शब्दानं पार्बताबाईच्या डोक्यात झिणझिण्या उठल्या. पण तिनं आवाजाला साखर लावली.

"साहेब, तुमी मोठे मानसं. एका चिठ्ठीवर पोट्टीचं नाव, मशीनचा नंबर लिहून सही करा ना. लेकराले आठवन राहीन."

साहेब खूश झाले. खिशातून कागद काढून त्यांनी ऐटीत लिहिलं, 'कु. ललिता हिचेकडे मशीन समक्ष पाहिली', खाली नंबर, तारीख, सही. केशवरावांचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं. पण साहेबांच्या देखत ते काय बोलतात?

समितीची सगळी मंडळी साहेबांना घेऊन दुपारी बाळापूरकडं गेली. इकडं पार्बताबाई गेली मशिनी दुरुस्त करणाऱ्या चाचाकडं. चाचा पेचकस घेऊन आला. त्यानं पट्टा काढला, दोन स्क्रू ढिले केले, मशीनचं डोकं स्टँडवरून उचललं आणि एका जाड पाटावर बसवलं. चाकाला एक जुनं हँडल लावलं. "घुमा, बेटी," तो म्हणाला. ललितानं उजव्या हातानं हँडल फिरवलं, डाव्यानं चिंधी सरकवली. टाके पडत गेले. चाचा पैसे न घेता गेला. जाताना एवढंच म्हणाला, "बाई, अब दरवाजा मजबूत रखना."

संध्याकाळी डोमाजी शेतावरून आला, पाटावरची मशीन पाहिली आणि चिलीम पेटवायची विसरला.

"हे काय करून ठेवलं वं?"

"पोट्टीची वस्तू पोट्टीले देल्ली."

"मालकाची हाय ते!"

"मालकाले कोनते पाय नाईत, ते तरी सांग मले."

डोमाजी भिंतीकडं तोंड करून निजला.

सकाळी केशवराव टांगा घेऊन आले, पाटावरचं डोकं आणि कोपऱ्यातलं रिकामं स्टँड पाहिलं, आणि आल्या पावली परत गेले. अर्ध्या तासात बापूसाहेब स्वतः आले. मागं डोमाजी, मान खाली. नळावरच्या बायका भांडी तशीच टाकून जमल्या.

"पार्बताबाई, हा काय तमाशा?"

"तमाशा कायचा जी? हे स्टँड तुमी घेऊन जा. पायडल आमच्या कामाचं नाई. डोकं पोट्टीच्या नावचं हाय, ते राहू द्या."

"मशीन समितीची आहे."

"समितीनं देल्ली न पन? साह्यबाच्या वहीत हाय."

"वहीचं मी पाहून घेईन." बापूसाहेबांनी आवाज खाली आणला, तेव्हा तो जास्तच लागला. "डोमाजी किती वर्षं आहे आमच्याकडे?"

"चौदा."

"पंधरावं लागावं असं वाटत असेल, तर ते डोकं मुकाट्यानं स्टँडवर बसवा."

डोमाजी पुटपुटला, "दे न वं देऊन. काहून वाघाच्या तोंडात हात घालतं?"

पार्बताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. पन्नाशीचा माणूस, बंडी हाकण्यापलीकडं दुसरं काही येत नाही. रात्रभर जो राग तिला उबेला पुरला होता, तो पायाखालून निघून गेला. रागावर चूल पेटत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? ती वाकली आणि तिनं मशीनला हात घातला.

ललितानं तिचं मनगट धरलं. हातांवर चालणाऱ्या पोरीची पकड ती. सुटली नाही.

"काकू, हात नका लावू." मग ती बापूसाहेबांकडं वळली. "घेऊन जा जी तुमी. फक्त एक चिठ्ठी लिहून द्या. 'ललिताची मशीन, नंबर अमका, आज मी तिच्या घरून नेली.' खाली तुमची सही."

"तुला चिठ्ठी? तू कोण?"

"मी लंगडी. माह्याच नावानं आली न मशीन?"

बापूसाहेबांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडं गेला आणि तिथंच थांबला. तीस वर्षं त्यांनी कोर्टात लोकांना त्यांच्याच चिठ्ठ्यांनी लोळवलं होतं. चिठ्ठी लिहावी तर चोरी कबूल, आणि न लिहिता न्यावी तर दिवसाढवळ्या, एवढ्या बायकांसमोर, साहेबांच्या सहीची वस्तू पांगळ्या पोरीपुढून ओढून न्यावी लागणार.

"माजलीस," ते म्हणाले.

"बसल्या जागी माजली जी. उठता येत नाई."

नळावरच्या बायका फिसकन हसल्या. बापूसाहेबांचे कान लाल झाले. केशवरावांनी आणि टांगेवाल्यानं रिकामं स्टँड उचललं. पार्बताबाईनं गुलाबी झबलं घडी करून वर ठेवलं.

"कुंदाताईले द्या. काजं नाई केली म्हना. त्यायचेबी हात चांगले हायेत."

टांग्यात बसता बसता बापूसाहेब म्हणाले, "डोमाजी, उद्यापासून येऊ नकोस. उद्या कशाला, आत्तापासूनच."

टांगा गेला. बायका पांगल्या; दोघीतिघी जाताना पार्बताबाईकडं न पाहताच गेल्या, कारण त्यांचेही नवरे कोणाकोणाकडं कामाला होतेच. डोमाजी उंबऱ्यावर बसला.

"झालं समाधान?" तो ओरडला. "खा आता मशीन! भाजून खा!"

"दुसऱ्याचे बैल हाकशीन," पार्बताबाई तेवढ्याच जोरात ओरडली. "तोंडानं मर्द, तिथं मात्र मुंडी खाली!"

ललितानं दोघांकडं लक्ष दिलं नाही. तिनं वहीचं पान फाडलं, दौत जवळ ओढली आणि लिहू लागली. लिहिताना मोठ्यानं वाचायची तिची सवय. "साहेबांस नमस्कार. आपण माझी मशीन पाहिली. बाकी अकरा मशिनी ज्यांच्या नावच्या, त्यांच्या घरी फक्त कालच्या दिवसापुरत्या होत्या. आता न कळवता या, आणि पुढील घरी पाहा." तिनं टाक थांबवला. "काकू, घरं कोनती?"

"मले एकच माहीत. बाकीची कशी कळतीन?"

"मले माहीत हायेत," डोमाजी म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

"रेल्वेच्या मालधक्क्यावरून म्याच आनल्या बंडीत. बाराही घरी म्याच पोचवल्या."

"पोट्टीचीबी?" पार्बताबाईनं विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली. दोन वर्षं ती कचेरीत खेटे घालत होती, चपला झिजवत होती. येऊन याच माणसाला सांगत होती, आजबी नंबर नाई लागला. आणि हा 'लागंन, लागंन' म्हणून भाकरी मोडत होता. पार्बताबाईला वाटलं होतं, आता आपण ओरडू. पण तसं झालं नाही. बापूसाहेबांकडं जसं पाहिलं, तसंच तिनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि त्याच्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या उचलून आत नेला.

ललितानं टाक पुन्हा दौतीत बुडवला. टोकावरचा शाईचा थेंब तिनं काठाला पुसला.

"पह्यलं घर सांगा, काका."

"पह्यलं... जठारपेठ. बापूसाहेबाचं."

"ते मले माहीत हाय. दुसरं सांगा."