मधोमध टोचलेला बिल्ला

हो, मीच बोलतोय, छातीवरचा कागदी बिल्ला! लाल कागदाचं बोटभर फूल, एवढाच माझा जीव. लढाई सुरू होती. बिल्ल्यांच्या दिवशी जखमी सैनिकांसाठी बायका चौकाचौकांत डबे खुळखुळवायच्या आणि नाणं टाकणाऱ्याच्या छातीवर आम्हाला टोचायच्या. बिल्ला दिसला की त्या माणसाला मग दिवसभर कोणी हटकायचं नाही.

माझा जन्म एका स्वयंपाकघरात झाला. तिथली आई असे बिल्ले कातरून द्यायची, आणि वर माळ्यावर तिचा मुलगा लपलेला असायचा. लढाईतून पळून आला होता तो. मला त्याचा भारी राग यायचा. आम्ही लढणाऱ्यांसाठी राबायचं आणि हा वर बसून आयतं जेवणार!

त्या सकाळी आईने त्याला खाली उतरवलं. "गाडी गाठ, मामाकडे जा. बिल्ला असला की कोणी अडवणार नाही." तिने टाचणी माझ्या मधोमध खुपसली. नाणं नाही, काही नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौकात पोलीस उभा होता. शेजारी डबा घेऊन मास्तरीणबाई, पोराला शाळेत शिकवलेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा याच लढाईत गेला होता. पोराचं काळीज माझ्याखाली धाडधाड उडायला लागलं.

"थांब रे," बाई म्हणाल्या. "हा कोणी टोचला?"

चुकलंच होतं. आईने बिल्ले ढिगाने कातरले, पण रस्त्यावर कधी कुणाला टोचला नव्हता. डबेवाल्या बायका टाचणी पाकळीआड लपवतात. माझी उघडीच चमकत होती.

बाईंनी मान वर केली आणि त्याला ओळखलं.

"काय झालं, बाई?" पोलीस वळला.

आता संपलं सगळं, असं मला वाटलं. बाईंनी टाचणी उपसली आणि मला पाकळीआडून नीट टोचलं. त्यांची बोटं गार पडली होती.

"काही नाही हो. माझ्याच हातून वाकडा लागला होता." मग आपल्या बटव्यातलं नाणं काढून त्यांनी डब्यात टाकलं. खण्! आणि हळूच म्हणाल्या, "जा. एकीचा तरी जिवंत राहू दे."

आता लढाई संपून बरीच वर्षं झाली. माझा रंग उडालाय, त्याच्या आरशाच्या कडेला खोचलेला असतो मी. राग कधीच गेला. घर आवरताना मला रद्दीत तेवढं टाकू नका, बाबांनो. माझं मोल बाईंनी दिलंय.

अजूनही बिल्ल्यांचा दिवस आला की तो मला छातीवरच्या खिशात ठेवून चौकात जातो, डब्यात नाणं टाकतो. पोरी बिल्ला टोचायला पुढे येतात, तेव्हा छातीवर हात ठेवतो.

"नको," म्हणतो, "माझ्याकडे आहे."